सुजल्या हाताची ओवी

केदारखेड्यात कुणाच्याही घरी लग्न निघालं की घाण्याचं पहिलं बोलावणं सगुणाबाईला जायचं. घाणा भरायचा म्हणजे अंगणात जातं मांडायचं, त्याला आंब्याची डहाळी बांधायची आणि पाच सवाष्णींनी मिळून नवरीची हळद दळायची. हळद काय, कुणीही दळेल. ओवी मात्र सगुणाबाईनं उचलावी अन् बाकीच्यांनी तीच पुन्हा म्हणून झेलावी. तिचा गळा असा की दगडालाही फिरावंसं वाटावं. गावातल्या कितीतरी लेकी तिच्या ओवीवर सासरी गेल्या.

आता तिच्याच लेकीचा, उषाचा घाणा होता, आणि तो भरायला तिला जात्याजवळ बसू देतील की नाही, याचीच घरात कुजबुज चालली होती.

दोन वर्षांपूर्वी शहरात तिच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डाव्या अंगाला काही झालं नव्हतं. उजवीकडचा स्तन गेला, काखेतल्या गाठीही गेल्या. बाई वाचली. घरी आली तशी गावातल्या काही बाया तिला हळदीकुंकवाला बोलवायचं विसरू लागल्या. मग वर्षभरानं उजवा हात सुजायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत भरलेल्या पखालीसारखा. तपासणीला गेली तेव्हा मोठे डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "जीव वाचला ना बाई? हात थोडा जाड झाला तर रडता कशाला?"

एवढंच. या हाताला जपा, काच रुतू देऊ नका, भाजू देऊ नका, टोचू देऊ नका, हे चार शब्द सांगायला त्यांना सवड झाली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी दुपारी नीला आली. नीला जालन्याची, औरंगाबादेत संशोधन करणारी. रक्ताच्या नळ्या सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्या शेजारून अंगभर आणखी बारीक वाटा जातात, लसीकेच्या, म्हणजे अंगात झिरपणाऱ्या पांढरट पाण्याच्या. कुठं जखम झाली, दाह झाला, की पांढऱ्या पेशी त्या वाटेनं जवळच्या गाठीकडे निघतात आणि तिथं वर्दी देतात. गाठीच काढून टाकल्या तर त्या पेशी जातात कुठं, वाटेत साचून दाह का वाढवतात, हे नीला शोधत होती. "यानं कुणी मरतं का?" असं तिला शिष्यवृत्तीच्या निवड समितीत विचारलं गेलं होतं, आणि विचारणारे हसलेही होते. दिवाळीत ती सगुणाबाईच्या हातातलं पाणी तपासायला घेऊन गेली होती. आज पुन्हा त्याचसाठी आली होती.

पण हात बघून तिनं पिशवी उघडलीच नाही.

मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे फोड. भोवती लालभडक कातडी, हात लावला तर चटका बसावा अशी. आणि त्या सुजेत हिरव्या काचेच्या बांगड्या इतक्या रुतलेल्या की नुसत्या कडा दिसत होत्या.

"हे काय केलंत मावशी?"

"म्या न्हाई, जाऊबाईनं." सगुणाबाईनं चुलीकडे मान वळवली. "बिब्बा तापवून तेल लावलं. लग्नाआधी सूज जल्दी उतरंल म्हणे. सूज राह्यली तशीच अन् बिब्बा उतला, फोड आले."

थोरली जाऊ द्वारकाबाई तिथूनच कडाडली, "मंग काय पाहुण्यांसमोर असा हात घेऊन मिरवू द्यायचा होता? म्या चांगल्यासाठीच केलं! बैलाच्या खांद्याला उतरती सूज बिब्ब्यानं, माणसाला काहून न्हाई?"

नीलाचा आवाज चढला. "कारण हिच्या काखेतल्या गाठी कापून नेल्यात, काकू! बिब्ब्यानं आग लावली. आता अंगातली माणसं धावत निघणार आग विझवायला. निघणार, चालणार, आणि पोचल्यावर कळणार की गावच उठलंय. मग ती तिथंच अडकून पडणार, आणि ही आग वाढतच जाणार."

सगुणाबाई हळू म्हणाली, "पोरगी माहेराला निघावी अन् माहेरच जाग्यावर नसावं, तसं?"

"हो. अगदी तसं."

"हे दिवाळीला काहून न्हाई सांगितलंस?" आवाज हळूच होता, पण आता त्याला धार होती. "दिवाळीला आल्तीस. सुई टोचून पाणी काढून नेलंस. माह्या अंगातल्या वाटा तुला ठाव्या, त्या डाक्टरला ठाव्या, अन् मलाच ठाव्या न्हाईत? हात कुणाचा हाय हा, तुमचा का माहा?"

नीलानं हाताखाली ओलं फडकं सरकवलं. "बांगड्या काढाव्या लागतील. आत्ताच. ताप आला तर रात्र न बघता जालन्याला न्यायचं."

"काढायच्या?" द्वारकाबाई उठूनच उभी राहिली. "धनी जित्ता हाय अन् लेकीच्या हळदीला आईचा हात मोकळा? बिलकुल न्हाई!"

सगुणाबाईचा नवरा कडूबा दारात मांडवाचे दोर वळत बसला होता. तिनं तिथूनच हाक मारली, "अहो, तुमी जित्ते हाव ना?"

"सकाळी दोनदा च्या प्यालो," कडूबा म्हणाला, "मंग जित्ताच असंन."

"मंग बोला की काहीतरी."

त्यानं दोर खाली ठेवला. आत येऊन हात पाहिला. इतके दिवस पदराखाली असलेला तो हात त्यानं नीट पाहिला नव्हता. त्याचं हसू मावळलं. "माह्याच नावाच्या हाईत ना या? मंग मी म्हणतो, फोडा."

"फोडा म्हणू न्हाई, वाढवा म्हणावं!" द्वारकाबाई ओरडली.

"काही म्हण वहिनी. हात वाचू दे."

नीलानं सांडशीनं एकेक काच दाबली. प्रत्येक काच तुटताना द्वारकाबाई डोळे मिटून घेई. सगुणाबाईनं मात्र उघड्या डोळ्यांनी सगळं पाहिलं. काचेखाली पांढरे, खोल वळ निघाले. नीलानं हात धुतला, सैल पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आणि ती रात्री तिथंच राहिली.

सकाळी अंगणात जातं मांडलं. उषा पाटावर बसली. सगुणाबाई नवं लुगडं नेसून पुढं झाली तशी द्वारकाबाई आडवी आली.

"तू ओट्यावर बस. तिथून ओवी उचल. आमी दळतो."

"काहून?"

"हात मोकळा हाय. अन् अंग..." द्वारकाबाईनं शब्द गिळला. "शुभकार्य हाय. समजून घे."

"अंग अर्धं हाय, असंच ना? बोल की! दोन वर्षं माह्या माघारी बोलून राह्यल्या सगळ्या, आज तोंडावर बोला!" सगुणाबाईनं पट्टीतला हात पुढं केला. "या अर्ध्या अंगानं ही पोर वाढवली. त्याच अंगाचं दूध प्याली ती. कापून नेलं तवा कुणी इचारलं न्हाई, बिब्बा लावला तवा कुणी इचारलं न्हाई. आता माहा हात नको अन् गळा पाहिजे? गळा का शेजाऱ्याकडून आणलाय? याच धडावर हाय तो!"

तिनं कडूबाकडे पाहिलं. काल बांगड्या फोडा म्हणणारा कडूबा आज मांडवाच्या खांबाशी खिळला होता. "बायांचं काम... मी काय बोलू?" असं पुटपुटून त्यानं मान खाली घातली.

सगुणाबाई ओट्यावर जाऊन बसली. ओठ मिटले.

पाच जणींनी खुंटा धरला. ओवीविना दगड नुसता घरघरला. ताल नव्हता, म्हणून एकीचा हात पुढं तर दुसरीचा मागं. हळकुंडं तशीच बाहेर उडाली. कुणीतरी ओवीसाठी सूर लावला, तो शब्दाआधीच बुडाला. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. उषाचे डोळे भरून आले होते, पण ती आईकडे पाहत होती आणि गा ना म्हणून विनवत नव्हती.

शेजारची नंदाबाई झटकन उठली. "मुक्या घाण्याची हळद म्या न्हाई लावायची पोरीला. सगुणे, माही जागा घे. पाचच लागतात ना? पाचच राहू द्या."

द्वारकाबाईनं तोंड उघडलं, पण बाकीच्या तिघींनी आधीच गुडघे आवरून वाट केली होती.

सगुणाबाई उतरली. पट्टीतला हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं खुंटा धरला. पहिली ओवी गणपतीची असते. सगळ्या जणी तीच झेलायला सावरून बसल्या. तिनं गळा मोकळा केला, आणि द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाहत उचलली,

"पयली माही ओवी, माह्या सुजल्या हाताला
अर्धी म्हणे मला, तिनं यावं गं जात्याला"

घाण्यातली ओवी एकदा उचलली की ती खाली पडू द्यायची नसते; पडली तर त्याचं अशुभ नवरीला लागतं. हे द्वारकाबाईनंच कितीदा पोरीबाळींना बजावलं होतं. जातं अर्ध्या फेऱ्यात थांबलं होतं. बाकीच्या जणी थोरलीच्या तोंडाकडे पाहत होत्या, सगुणाबाई वाट पाहत होती.

द्वारकाबाईचा चेहरा लाल झाला. तिनं खुंट्यावरची मूठ घट्ट केली, आणि खाली पाहत, घोगऱ्या आवाजात, ती ओवी शब्द न् शब्द आपल्या तोंडानं म्हटली.

दगड फिरला.