तो दगड इथला नाही

मी एक दगड बोलतोय. बाहेरून काळा आणि खडबडीत, पण आत पोकळी आहे आणि तिच्यात हिरवट, काचेसारखे स्फटिक. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होताना त्यात एक बुडबुडा अडकला. पुढे त्यात थेंबथेंब पाणी झिरपत राहिलं आणि मी घडलो.

अनसिंगजवळ एका टेकडीच्या पायथ्याशी रत्नमालाताईंचं शेत आहे. तिथं विहिरीत सुरुंग उडाला आणि मी उजेडात आलो. ताईंनी पदरानं माझी माती पुसली. त्यांचा चुलतभाऊ प्रसेनजित वाशीमला कॉलेजात भूगोल शिकवायचा. "घे बाप्पा, तुह्या मंडळात दाखव," म्हणत त्यांनी मला त्याच्या हाती दिलं.

ते होतं भूविज्ञान मंडळ. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या वर्गात सभा भरायची. मोठी माणसं लहान बाकड्यांवर गुडघे दुमडून बसायची. व्याख्यान थोडं, गप्पा फार. पण प्रसेनजित मला घेऊन उभा राहिला, की सगळे गप्प. "ही टेकडी पाणी धरते, असे स्फटिक पोटात ठेवते. तिला फोडू द्यायची नाही," असं तो म्हणायचा. त्याच्या तळहाताला घाम सुटायचा. मला तो घाम खरा वाटायचा.

त्याच टेकडीवर ठेकेदार दौलतरावांना गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान काढायची होती. गावानं सांगितलं, भूविज्ञान मंडळ म्हणेल ते आम्हाला मान्य. मग एके दिवशी दौलतराव प्रसेनजितच्या घरी आले. मी टेबलावरच होतो.

"सर, किती दिवस पोरायच्या बाकड्यावर बसून राह्यता? मंडळाले मी हॉल बांधून देतो. पंखे, पडदा, सगळं. तुमी फक्त सभेत खरं ते सांगा."

'खरं ते' म्हणताना ते हसले. प्रसेनजित हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

सभा अनसिंगलाच झाली. सारा गाव जमला होता. मी त्याच्या पिशवीत होतो आणि तो मला बाहेर कधी काढतो याची वाट पाहत होतो.

"या टेकडीत राखण्यासारखं काही नाही," तो म्हणाला.

"अन् तो हिरवा दगड?" कुणीतरी विचारलं.

"तो इथला नाही. अजिंठ्याकडचा आहे."

रत्नमालाताई बायकांमधून उठल्या. "प्रसेनजित, म्या माह्या हातानं देल्ला ना रे तुले? काहून खोटं बोलून राह्यला?"

तो पाण्याचा ग्लास उचलून पाणी पीत राहिला. लोकांनी एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा सरांकडे. सर शिकलेले होते. ताई खाली बसल्या.

आता टेकडी अर्धीच उरली आहे. ताईंच्या विहिरीचं पाणी हिवाळ्यातच तळाला जातं. मंडळाला हॉल मिळाला. मी तिथं काचेच्या कपाटात आहे. माझ्याखाली सुबक अक्षरात लिहिलंय, 'अजिंठा परिसर'. प्रसेनजित अजूनही सुरेख बोलतो. पाहुण्यांना सगळी कपाटं दाखवतो, माझ्यापाशी आला की झपझप पावलं उचलतो.

मला हात असते, तर तुमच्यापुढे जोडले असते. तुमच्या विहिरीत असा एखादा दगड निघाला, तर तो कुणा विद्वानाला देऊ नका. पोरांना खेळायला द्या. त्यांच्या हातून फुटेल, फुटू द्या. तुकडे तरी आपल्याच अंगणात पडतील.