दाई छाप

भिवंडीच्या निजामपुऱ्यात नूर मोहम्मद शेटना कुणी कधी खोटारडे म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. शेट खोटं बोलत नसत, गोष्ट सांगत. गोष्टीला तिखटमीठ लागतंच, आणि शेटचा हात मिठाच्या बाबतीत मोकळा होता.

गोष्ट एकच, गेली चाळीस वर्षं. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे आठ लूम होते आणि घराच्या पुढच्या खोलीत छोटंसं दुकान. लूमवर बाळांच्या दुपट्यांचं मऊ पांढरं कापड निघायचं, ते दुकानात मापून विकलं जायचं. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर काडेपेटीएवढं निळं लेबल चिकटवायचं, ही त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. लेबलावर पाळण्यावर वाकलेली एक म्हातारी, डोक्याला झालरीची टोपी, आणि खाली दोन शब्द: दाई छाप. गिऱ्हाईक आलं की शेट लेबलावर बोट ठेवत.

"ही कोण, ठाऊक आहे? सुगराबी! माझे वालिद, म्हणजे वडील, आईच्या पोटात आडवे आले होते. घरातले रडायला बसले. हिनं आतल्या आत सरळ केलं त्यांना. सातशे बाळंतपणं केली बाईनं, एक मूल दगावलं नाही."

त्यांचा मुलगा मुदस्सिर शाळेत होता तेव्हा हा आकडा साडेतीनशे होता. सुगराबीला जाऊन ऐंशी वर्षं झाली तरी तिचं काम वाढतच होतं. टोपीबद्दल कुणी विचारलंच, तर ती कलेक्टरच्या मडमेनं खूश होऊन बक्षीस दिली होती. शेटची बायको खदीजा चहा घेऊन बाहेर यायची आणि हळूच विचारायची, "आज किती झाली?"

पण दुपट्याच्या कापडाला आता पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. मुदस्सिरनं बापाला स्पष्टच सांगितलं होतं, "अब्बा, या महिन्यात मोठी ऑर्डर आली नाही तर लूम भंगारवाल्याला देणार. तो येऊन बघूनसुद्धा गेलाय." त्या दिवसापासून शेट रोज सकाळी शेडमध्ये जाऊन आठही लूमवरून हात फिरवून येत.

अशात पूर्वी नावाची एक मुलगी दुकानात आली. बाळांच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीतली. मानकोलीला त्यांचं भलंमोठं गोडाऊन होतं. तिनं कापड गालाला लावून पाहिलं, मग सुगराबीची गोष्ट ऐकली, आणि तिचे डोळे चमकले.

"काका, आमच्या सरांना असलं जुनं फार आवडतं. ही गोष्ट आपण खोक्यावर छापू या. ऑर्डर मिळाली तर आठही लूमना दोन्ही शिफ्टचं काम मिळेल. फक्त ते मूळ चित्र हवं, मोठं आणि स्वच्छ. लेबलावर नीट कळत नाही. आहे का?"

"नसायला काय झालं!" शेट म्हणाले. चित्र कुठे आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला.

तीन दिवस घर उपसलं तेव्हा वडिलांच्या ट्रंकेच्या तळाशी, जुन्या लुंगीत गुंडाळलेलं एक जाडसर पान सापडलं. कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकाचं फाडलेलं पान. रंग अजून ताजे होते. शेटनी ते टेबलावर पसरलं आणि सगळे वाकले.

टोपी होती, झालर होती. पाळणा होता, त्यात गुबगुबीत बाळ होतं. टोपीखाली मात्र दोन टोकदार कान होते, चष्म्याखाली लांबलचक नाक होतं, नाकाखाली दातांची अख्खी रांग होती, आणि झग्याच्या मागून झाडूसारखी शेपूट बाहेर आली होती.

मुदस्सिरची बायको हफसा शाळेत इंग्रजी शिकवायची. तिनं चित्राखालच्या ओळी वाचल्या आणि ओढणी तोंडावर धरली.

"काय लिहिलंय सुगराबीबद्दल?" शेटनी विचारलं.

"अब्बा, हे लहान मुलांच्या गाण्यांच्या पुस्तकातलं पान आहे. लांडगा आजीचा झगा घालून बाळाला झोपवतोय. म्हणतो, 'नीज बाळा, करू नको घाई, मला अजून भूक नाही.'"

शेटनी पान उजेडात धरून पाहिलं.

"वय झालं की बायकांच्या तोंडावर केस येतात," शेट म्हणाले.

"आणि शेपूट?" मुदस्सिरनं विचारलं.

"तो पदर आहे."

"अब्बा, झग्याला पदर?"

खदीजा आधी भिंतीला टेकली, मग खाली बसली, मग डोळे पुसत म्हणाली, "अल्ला! साठ वर्षं झाली आपण बाळांचं कापड विकतोय, आणि वर चित्र कुणाचं, तर बाळ खाणाऱ्याचं!"

झालं होतं ते साधंच. शेटच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. पाळणा दिसला, म्हणून त्यांनी चित्र निवडलं. छापखान्यात त्याचा छोटा ठोकळा केला, तो झिजला, त्यावरून दुसरा केला, तोही झिजला. झिजता झिजता लांडग्याचे दात हसू झाले, कान झालरीत गेले आणि शेपटीची नुसती बारीक रेघ उरली. बाकीचं शेटच्या जिभेनं केलं.

"चित्र चुकलं असेल," शेट ताठ बसत म्हणाले, "सुगराबी खरीच होती." आणि पान गुंडाळून ते थेट जुबेरच्या फोटो स्टुडिओत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जुबेरनं कंप्युटरवर आधी शेपूट कापली. मग दात काढले. मग कान. मग नाक आखूड करायला घेतलं. थोडं केलं तर कुत्रा दिसायचा, आणखी केलं तर माकड. शेवटी माणसासारखं तोंड निघालं तेव्हा शेट खुर्चीत दचकले. हुबेहूब त्यांची थोरली बहीण, मारिया आपा. अगदी तसाच ओठ मुडपलेला, जणू आता विचारणार, ईदला का आला नाहीस?

"बदलू का?" जुबेरनं विचारलं.

"राहू दे," शेट घाम पुसत म्हणाले. "निदान बाळाला खाणार तरी नाही."

नव्या चित्राची लेबलं छापून आली, तुकड्यांवर लागली. गुरुवारी पूर्वी आली ती मजकूर घेऊनच. सुगराबीची गोष्ट कागदावर सुंदर छापली होती, आडव्या मुलासकट, मडमेच्या टोपीसकट. ती वाचून दाखवत होती आणि शेट मान डोलवत होते. मुदस्सिर दारात उभा होता. त्याच्या हातातल्या फोनवर भंगारवाल्याचे दोन मिस्ड कॉल होते.

एवढ्यात बायडी आली. गणेशपुरीच्या पलीकडे तिचा पाडा. घरात मूल झालं की एसटीनं भिवंडीला यायचं आणि शेटकडूनच कापड न्यायचं, हे तिचं कित्येक वर्षांचं.

"शेट, पाच मीटर दे. भाग्यश्रीला पोरगा झालाय. उद्या पाचवी हाय."

शेटनी तयार तुकडा पुढे केला. बायडीनं कापड चोळून पाहिलं, लेबल डोळ्यांजवळ नेलं, आणि तुकडा परत ठेवला.

"ह्यो नको. आपला दे."

"आपलाच आहे तो."

"आपल्याला शेपूट हाय. ही म्हातारी कोन?"

पूर्वीनं मान वर केली. "आजी, ही सुगराबी. मोठी दाई होती."

"तिला शेपूट व्हतं?" बायडीनं विचारलं.

"नाही हो!"

"मंग ती न्हाय. माझा शेपटीवाला कुटं गेला? माज्या पाचही पोरांच्या वक्ताला त्योच व्हता. पाचवीला त्याला कुडावं चिटकवतो आमी, पाळन्याच्या वर. आमच्या शिवेवं वाघ्या देव हाय ना लाकडाचा, तसा. त्याच्या म्होरं काय येत न्हाय."

शेटच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "अगं बाई, तो लांडगा आहे! बाळाला खायला बसलाय!"

"वाघ म्हन, लांडगा म्हन. दात हायत ना? दात असंल त्यालाच राखनीला बसवायचा. त्याला सांगायचं, तुझं खानं आमी देतो, पोराला हात लावू नको. तो ऐकतो. पोराच्या उशाला म्हातारी बसवून काय करू? म्हातारीला कोन भितंय? माजी सून मला भीत न्हाय!"

आतून हफसाचं हसू ऐकू आलं. पूर्वी मात्र हसली नाही. तिनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग शेटकडे.

"काका, इथे खाली सही लागेल. 'वरील गोष्ट खरी आहे' असं लिहिलंय. सरांची पद्धतच आहे तशी."

शेटनी पेन घेतलं. ही गोष्ट त्यांनी हजारदा सांगितली असेल, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर मयतीला. पण जिभेला हाड नसतं. कागदाचं तसं नाही. शेडमध्ये आठ लूम चालू होते आणि दारात मुलगा उभा होता. एक सही केली की सगळं वाचणार होतं. समोर बायडी, कापड न घेता, वाट बघत उभी. चाळीस वर्षं रोज शंभर लेबलं चिकटवणाऱ्या माणसाला जे दिसलं नाही ते या बाईनं बोटाएवढ्या चित्रात पाहिलं होतं. शेटना फार लाज वाटली.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नको लिहू, पोरी. सुगराबी कुणी नव्हतीच. वालिद आडवेबिडवे आले नव्हते. मी पंचवीस वर्षांचा होतो, एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही बाई कोण? मला माहीत नाही, असं सांगायचं जिवावर आलं. म्हणून सांगितलं काहीतरी. मग ते वाढत गेलं."

"नव्हतीच?" खदीजा आतून बाहेर आली. हसणारी खदीजा आता हसत नव्हती. "मुदस्सिरच्या वेळी दोन दिवस कळा देत होते मी. अल्लापुढे तिचं नाव घेऊन दुआ मागितली होती!"

"मग झालं ना सगळं नीट?" शेट पुटपुटले.

खदीजानं त्यांच्याकडे असं पाहिलं की मारिया आपाचं चित्र त्यापुढे प्रेमळ वाटावं.

पूर्वी फोन घेऊन गल्लीत गेली. मुदस्सिरनं फोनवरचे मिस्ड कॉल पुन्हा उघडून पाहिले, आणि ते शेटना शिव्यांपेक्षा जड गेलं. चार मिनिटांनी पूर्वी परत आली.

"सर म्हणाले, गोष्ट नको. लांडगाही नको, लोक घाबरतील. लेबल आम्ही आमचं लावू. पण कापड चांगलं आहे. नुसतं पांढरं कापड पाठवा, पहिल्या तारखेपासून."

मुदस्सिर दाराच्या उंबरठ्यावरच बसला. मग उठून भंगारवाल्याला फोन लावत, मोठ्यानं बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. शेटनी आधी अल्लाचं नाव घेतलं. लूम वाचले होते. आणि मग त्यांना जरा टोचलंही. सातशे बाळंतपणं, मडम, कलेक्टर, एवढा पसारा, आणि कंपनीला लागलं काय, तर नुसतं कापड.

पूर्वी गेली. शेटनी फळीच्या मागून जुन्या निळ्या लेबलांचा गठ्ठा काढला, त्यातलं शेपूट बऱ्यापैकी उठलेलं एक निवडलं आणि बायडीसमोर धरलं. तिनं निरखून पाहिलं आणि पसंतीची मान डोलवली. मग शेटनी नवा तागा उलगडला.

"बायडे, एवढी वर्षं येतेस. मी दर खेपेला तुला सुगराबीची गोष्ट सांगायचो. तू एकदाही म्हणाली नाहीस, शेट, हे जनावर आहे म्हणून?"

"तू कवा इचारलंस?" बायडी म्हणाली. "मी यायची आन तूच बोलत बसायचास. मला वाटायचं, बोलू दे. आन तू बोलाया लागलास का तुझा हात सैल पडायचा. दर खेपंला हातभर कापड जास्ती यायचं. मी कशाला थांबवू तुला?"

खदीजा पुन्हा भिंतीला टेकली.

शेटनी मीटरचा लोखंडी गज कापडावर ठेवला आणि मुकाट्यानं मापायला घेतलं. एक मीटर. दोन. गज कापडावर घट्ट दाबून, टोकाला टोक लावून, सूतभरही इकडेतिकडे नाही. तीन. बायडीची नजर गजावर होती. चौथ्या मीटरला तिच्यानं राहवेना.

"शेट, गप का रं? सांग ना तिचं काय तरी."

"कुणाचं?"

"सुगराबीचं."

शेटनी खदीजाकडे पाहिलं. खदीजानं तोंड फिरवलं, पण ती आत गेली नाही.

"माझे वालिद," शेट म्हणाले, आणि गजावरचा त्यांचा हात सैल झाला, "आईच्या पोटात आडवे आले होते."