खिडकीवरचे अकरा सेकंद

सरकारी शाळेच्या जेवणाच्या खिडकीवर मावशी एकोणीस वर्षं वाढत होत्या, आणि पहिलं ताट हातात घेण्याआधी रोज डोळे मिटून उभ्या राहत होत्या. किती वेळ, हे एकोणीस वर्षांत कुणी मोजलं नव्हतं. आता मोजलं होतं. पीटीच्या सरांनी धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ घेऊन आठवडाभर खांबाआड उभं राहून सरासरी काढली: अकरा सेकंद. गुरुवारी मात्र एक्केचाळीस भरले होते. त्यापुढे सरांनी स्वच्छ अक्षरात शेरा मारला होता, ‘बहुधा त्यांचा काही सण असावा.’

सण वगैरे काही नव्हता. बुधवारी रात्री मावशींच्या नवऱ्याचा खुबा फार ठणकला होता, एवढंच.

सगळं सुरू झालं एका वडिलांच्या पत्राने. ‘माझ्या मुलाला सूप मिळण्याआधी रोज एका धर्माच्या सावलीतून जावं लागतं,’ असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र शिक्षण खात्यात गेलं. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या पालकांनी ‘मावशींच्या श्रद्धेला आमचा पाठिंबा’ असा कागद फिरवला. त्यावर एकशे चाळीस सह्या पडल्या, त्यातल्या निदान तीस एकाच हातच्या दिसत होत्या. शाळेच्या फाटकावर दोन्ही गट समोरासमोर येऊन एकमेकांना मुलांच्या भवितव्याची आठवण करून देऊ लागले. मावशींना कुणीच काही विचारलं नाही. त्या बटाटे उकडत होत्या.

विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. कारण खिडकीशी डोळे मिटले की मावशी झोपत होत्या.

पूर्वीची गोष्ट वेगळी. पूर्वी त्या खरोखरच प्रार्थना करायच्या, मुलांसाठी, सुपासाठी, गॅसवाला वेळेवर यावा म्हणून. पण दीड वर्षापूर्वी नवरा जिन्यावरून पडला, खुबा मोडला, आणि तेव्हापासून रात्रीतून चार वेळा उठून त्याला कूस बदलायला मदत करावी लागे. दुपारी खिडकीशी उभं राहून डोळे मिटायचे, मनात ‘हे प्रभू’ म्हणायचं, आणि तिसरा शब्द यायच्या आत झोप यायची. रांगेतलं पहिलं पोर “मावशी, वाढा ना,” म्हणालं की जाग यायची.

“म्हणजे तू उभ्याने झोपतेस,” नवरा पलंगावरून म्हणाला, “आणि ती प्रार्थना आहे की नाही यावरून गाव भांडतंय?”

“हो.”

नवरा जन्मभर बस चालवून निवृत्त झाला होता. “मी एकदा स्टिअरिंगवर झोपलो, तेव्हा माझ्यासाठी नाही कुणी सह्या गोळा केल्या.”

“अहो, तुमच्या मागे चाळीस माणसं बसली होती.”

“त्यातली निम्मी प्रार्थनाच करत होती.”

मावशींना हसायचं होतं, पण त्यासाठी आधी खाली बसावं लागलं असतं, आणि अजून त्याची पाठ पुसायची राहिली होती.

शनिवारी संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. पाळकसाहेब तरुण होते, उत्साही होते, आणि आजवर त्यांच्या मंडळीत कुणाचाच कधी छळ झाला नसल्याने थोडे हळहळतही असत.

“भगिनी, उद्या उपासनेत तुम्ही पुढे येऊन आपल्या श्रद्धेची साक्ष द्या. पाच मिनिटं. लोक रडतील.”

“पाळकसाहेब, मी तिथे झोपते हो.”

“कुठे?”

“खिडकीशी. दोन शब्द होतात आणि डोळा लागतो.”

पाळकसाहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. “झोपसुद्धा प्रभूचंच दान आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण हे सोमवारी हेडसरांच्या मीटिंगमध्ये बोलू नका.”

रविवारी मावशी उपासनेला गेल्या नाहीत. नवऱ्याचा डोळा लागला होता, म्हणून त्यांचाही लागला.

सोमवारी दहा वाजता हेडसरांच्या खोलीत तिघं बसले होते: हेडसर, पीटीचे सर आणि शिक्षण खात्याच्या बाई. बाई सकाळपासून दोन शाळा उरकून आल्या होत्या. एका शाळेत फळ्यावरच्या चांदणीवरून वाद होता, दुसरीत चांदणी का पुसली यावरून. त्यांच्या चेहऱ्यावर आता कुठल्याच धर्माबद्दल काही भावना उरली नव्हती.

“बसा मावशी,” हेडसर म्हणाले आणि एक कागद पुढे सरकवला. “हे वाचा. अगदी सोपं केलंय मी.”

कागदावर एकच वाक्य होतं. ‘सदर कृती ही प्रार्थना नसून केवळ विश्रांती आहे.’ खाली सहीसाठी रेघ.

“सही केलीत की खिडकी तुमची. निवृत्त होईपर्यंत तुमचीच. नाही केलीत, तर मला तुम्हाला खाली भांडी धुवायच्या खोलीत पाठवावं लागेल. मुलांसमोर धार्मिक काही नको, असा नियमच आहे. माझ्या हातात काही नाही.”

खालची खोली म्हणजे बावीस पायऱ्या, वाफ, आणि एक यंत्र जे दिवसभर कुणावर तरी रागावल्यासारखं घरघरत असे. तिथे मुलं नव्हती. ‘मावशी, मला गाजर नको’, ‘मावशी, माझा दात पडला, बघा’, यातलं काही तिथे ऐकू येणार नव्हतं. मावशींच्या गुडघ्यांना पायऱ्या मंजूर नव्हत्या आणि मावशींना ती खोली. त्यांनी पेन उचललं. वाक्य तीनदा वाचलं. खोटं त्यात काहीच दिसेना. विश्रांतीच होती ती. इतकी खरी सही त्यांना आयुष्यात कधी करावी लागली नव्हती.

पेन मात्र टेकेना.

“काय झालं?” हेडसर म्हणाले.

“सुरुवातीला दोन शब्द असतात,” मावशी म्हणाल्या.

“कोणते?” पीटीच्या सरांनी वही उघडली.

“हे प्रभू.”

“मोठ्याने?” खात्याच्या बाईंनी विचारलं.

“मनात.”

“आणि पुढे?”

“पुढे झोप लागते.”

पीटीच्या सरांनी काहीतरी लिहिलं, मग खोडलं. बाईंनी कपाळ चोळलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर मदत करायची होती.

“मग ते दोन शब्द सोडून द्या ना मावशी. थेट झोपा. म्हणजे सरळसरळ विश्रांती होईल, आणि आपण सगळे सुटू.”

सूचना रास्त होती, म्हणून मावशींनी तिचा प्रामाणिकपणे विचार केला. सकाळपासून रात्रीपर्यंत त्या जे बोलत ते सगळं कुणाचं तरी काहीतरी करण्यासाठी. पुढे सरक, गरम आहे, सांडू नकोस, गोळी घेतली का, जरा अंग इकडे टाका. त्या दोन शब्दांत मात्र काहीच काम नव्हतं. मागणंसुद्धा नव्हतं. मागणं तिसऱ्या शब्दापासून सुरू होतं, आणि तिथवर त्या दीड वर्षात पोचल्याच नव्हत्या. पण ते दोन शब्द म्हटले की कुणीतरी ऐकतंय असं वाटे, आणि कुणीतरी ऐकतंय म्हटल्यावर पहारा सोडता येई. नाहीतर भर दुपारी, उकळत्या पातेल्याशेजारी, दोनशे पोरांसमोर माणसाला उभ्याने झोप लागेलच कशी?

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“नाही हो बाई. ती प्रार्थनाच आहे. पुरी होत नाही, एवढंच.”

हेडसरांनी खुर्चीत मागे डोकं टेकलं. “मावशी, सही केली असतीत तर कुणाला कळणार होतं?”

“आता कळलं की सगळ्यांना,” मावशी म्हणाल्या.

हेडसरांनी खणातून दुसरा कागद काढला. तो आधीच टाइप केलेला होता, फक्त तारीख घालायची राहिली होती. मावशींनी त्यावर निमूट सही केली. बदली उद्यापासून होती. आजचं जेवण त्यांनाच वाढायचं होतं.

“खाली बसायला काही आहे?” त्यांनी विचारलं.

“स्टूल आहे,” हेडसर म्हणाले. “एक पाय हलतो त्याचा.”

“मी ठोकून देतो,” पीटीचे सर घाईघाईने म्हणाले, आणि हे आपण का म्हणालो ते न कळून वहीत बघू लागले.

“आणि खाली कुणी बघणार नाही तुम्हाला,” खात्याच्या बाई फाईल आवरत म्हणाल्या. “तिथे हवी तेवढी...” वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. त्या कामावर होत्या.

मावशी टेबलाला धरून उठल्या. गुडघ्यातून कळ गेली. त्या जागच्या जागी थांबल्या आणि डोळे गच्च मिटले.

हेडसरांनी लगेच खिडकीबाहेर पाहिलं. पीटीच्या सरांनी मान खाली घातली. बाईंनी फाईल छातीशी धरली. कळ ओसरेपर्यंत तिघंही प्रार्थनेला उठावं तसे उठून उभे राहिले.