दोन गावांचं दोन किलवर

"दोन किलवरवर पास? आवं मीरासाब, हातात पत्तं हुतं का पापड?" आक्का टेबलावर हात आपटून ओरडल्या.

"आमच्या मुरगुडात दोन किलवर म्हंजे किलवर लई, बाकी हात साधा. म्हणून गप बसलो."

"आन् आमच्या शाहूपुरीत म्हंजे हात भरून वाहतोय, पास करायचाच न्हाय! चार इस्पिकांचा डाव, घातला की मातीत!"

मित्रांनो, ज्याच्यावरनं ही जुंपली ते दोन किलवर म्हंजे मी. ब्रिजच्या बोलीच्या डबीतलं जुनं प्लास्टिकचं पान. आपल्या हातात काय हाय ते जोडीदाराला सांगायचं, पण तोंड न उघडता, आमच्यातलं एक पान टेबलावर ठेवून. आधी मानसं तोंडानं बोली लावायची. कुणी मुद्दाम खोकायचं, कुणी 'इस्पिक' असं दणकून म्हणायचं की जोडीदारानं समजून घ्यावं. आम्ही आलो आन् सगळं चिडीचूप. कोल्हापूरकराला गप बसवलंय आम्ही, चेष्टा हाय व्हय?

मला ह्या क्लबात येऊन बारा वर्षं झाली. मधी टेबल डुगडुगतंय म्हणून केरबा शिपायानं मला पायाखाली सारलतं. मला! आक्कांनीच खाली बसून हुडकलं, पदरानं पुसलं.

आज जिल्ह्याच्या संघात एकच जोडी जाणार. आक्का बहात्तरच्या, औंदा जमलं न्हाय तर पत्तं सोडणार म्हणाल्यात. न्हेमीची जोडीदारीण आजारी, म्हणून मीरासाब ऐनवेळी आलेत. आता शेवटचा डाव ऱ्हायलाय.

चहा आला तसा मीरासाबांचा आवाज खाली आला. "चुकलं माझं. आता शाहूपुरीचीच बोली."

"छ्या, तुम्ही पावणं. मुरगूडची चालवू."

"न्हाय, तुम्ही थोरल्या."

"एकदा सांगितलं न्हवं, तुमचीच!"

तेवढ्यात घंटी झाली. पत्तं उचललं की बोलायला बंदी. दोघं बी खूश, मन मोठं केलं म्हणून. पण ठरलं काय? कायबी न्हाय! डोकं फिरायची पाळी आली माझ्यावर.

मी दोन्ही गावांत खराच हाय, आन् त्याचा मला माज हाय. पण मित्रांनो, हात जोडून सांगतो, जोडीनं बसायच्या आधी इचारा, तुमच्यात ह्याचा अर्थ काय? मान नंतर द्या, आधी अर्थ ठरवा.

आक्कांनी पत्तं लावलं. दोनदा मोजलं. मीरासाब बघाय लागलेत. बोटं डबीकडं आली, माझ्यावरच थांबली...

चला, डबीतनं निघायला पायजे मला.