अकरा महिन्यांचा करार

गणपतीला गावी गेलेला जयवंत दसरा झाला तरी परत आला नाही. त्याच्या बायकोला, दर्शनाला, त्या वर्षी रजा मिळाली नव्हती. मुलुंडमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती, आणि सणाच्या दिवसांत निम्मा स्टाफ गावी पळायचा. जयवंत आधी म्हणाला, "विसर्जन झालं की निघतो." मग म्हणाला, "भात कापून होऊ दे." नंतर तो कारणं द्यायचाही थांबला. फोन केला तर उचलायचा, जेवलीस का विचारायचा आणि गप्प बसायचा.

तो का येत नाही, हे तिला ऑक्टोबरमध्ये कळलं. जयवंतचे दोन टेम्पो होते, औषधांचे खोके पोचवायचं काम होतं. एक टेम्पो ऑगस्टमध्ये फायनान्सवाले उचलून घेऊन गेले, तेवढं तिला माहीत होतं. दुसरा त्याआधीच विकला गेला होता, आणि तो रोज सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन नुसताच बाहेर पडत होता, हे माहीत नव्हतं. आता तिला वसुलीवाल्यांचे फोन येऊ लागले. दोन पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, पतपेढी, टेम्पोची उरलेली बाकी. तिच्या बांगड्या आणि पाटल्या लॉकरमध्ये नव्हत्याच, त्या सोन्यावरही कर्ज होतं. बहुतेक कागदांवर तिची सही होती. "इथे कर गं," असं म्हणून तो ओट्याजवळ कागद धरायचा आणि ती हात पुसून सही करायची.

सगळं मिळून एकोणतीस लाख निघाले. त्यातले चौदा घराचे. महिन्याचे हप्ते सत्तेचाळीस हजार, आणि तिचा पगार एकतीस.

घर मुलुंडच्याच गव्हाणपाड्यात होतं, तिसऱ्या मजल्यावर, एक बेडरूमचं. दर्शना भांडुपला एका खोलीत सात माणसांत वाढली होती. या घरात आल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा दार लावून घेता आलं होतं. मूलबाळ झालं नाही, म्हणून घरात भिंतींवर रेघोट्या नव्हत्या की कुठे काही मोडलेलं नव्हतं. तेरा वर्षं तिने ते नव्यासारखं ठेवलं होतं.

तिचा दीर लवू बोरिवलीला असायचा. फॅब्रिकेशनच्या धंद्यात त्याचं बरं चाललं होतं. एका रविवारी तो मिठाईचा बॉक्स घेऊन आला, सोफ्यावर बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"वहिनी, मी सगळं फेडतो. घराचंपण. घर माझ्या नावावर कर. तू इथेच राहा, तुला कोण काढतंय? भाडंबिडं काही नको."

"आणि हे आले तर?"

"दादा आला तर तोपण राहील. आपलंच घर ना."

लवू वाईट माणूस नव्हता. त्याने हे मनापासून सांगितलं, हेही तिला दिसत होतं. पण जाताना तो बाल्कनीत उभा राहिला, ग्रिलवर हात आपटून पाहिला आणि म्हणाला, "ही ग्रिल बदलायला पाहिजे. मी माणूस पाठवतो." तो गेल्यावर दर्शना बराच वेळ त्या ग्रिलकडे बघत राहिली.

लॅबमधल्या एकीने तिला घाटकोपरचा पत्ता दिला. तिथे एका ट्रस्टच्या हॉलमध्ये, आठवड्यातून दोन दिवस, कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला मिळायचा. सल्ला देणारे सुबोध ताम्हाणे बँकेतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे, शर्टाची वरची बटणं लावलेले. त्यांनी आधी तिला पाणी दिलं आणि सगळे कागद टेबलावर पसरायला लावले. तासभर ते काही न बोलता वाचत होते. इतक्या दिवसांत तिच्याबरोबर कुणी तासभर बसलं नव्हतं.

"सगळ्यात सोपं म्हणजे विकून टाकणं," ते म्हणाले. "सगळं फिटेल, आणि उरलेल्या पैशांत बदलापूरला याहून मोठं घर येईल."

"साडेसहाला ड्युटी असते माझी, बदलापूरहून कशी पोचू? सकाळी रक्त काढायला पेशंट रिकाम्या पोटी थांबलेले असतात."

"नोकरी बदलता येते."

"येते," दर्शना म्हणाली. "पण मला विकायचं नाहीये."

त्यांनी कारण विचारलं नाही. चष्मा काढून पुसला. "मग ऐका. घराचा हप्ता एकही चुकवायचा नाही. बाकीचे फक्त फोन करतात, घर ही बँक नेऊ शकते. सगळी कर्जं घरावर टाकून एकच करता आली असती, पण मिस्टरांचं रेकॉर्ड बिघडलंय, बँक देणार नाही. सोनं सोडवायच्या मागे लागू नका, विका. दुसऱ्याच्या तिजोरीत पडलेल्या बांगड्यांचं व्याज भरताय तुम्ही. वरचे पैसे येतील ते कार्डात भरा, कारण कार्डाचं व्याज सगळ्यात वाईट. आणि अर्धे घेऊन सोडतो असं कार्डवाले म्हणाले तर लगेच हो म्हणू नका, ते रेकॉर्डवर राहतं."

"एवढं करूनही पुरत नाही, सर."

"नाही पुरत. महिन्याला पंचवीस हजार कुठून तरी यायला हवेत." दिराचं बोलणं तिने त्यांना आधीच सांगितलं होतं. "दीर म्हणतात ते केलंत तर घरात राहाल, पण घर तुमचं नसेल. घर तुमचंच ठेवायचं असेल तर त्यात राहता येणार नाही. भाड्याने द्यावं लागेल. यातलं तुम्हाला काय झेपेल ते मला नाही सांगता येणार."

त्या आठवड्यात ती रोज ड्युटीवरून येऊन घरभर फिरायची. कपाट उघडायची, बंद करायची. विचारायला कुणी नव्हतं. आई गेलेली, भाऊ स्वतःच्याच अडचणीत. जयवंतला फोन केला तर तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." तिला वाटलं, हा माणूस भांडला असता तरी बरं झालं असतं.

लवूला तिने नाही म्हणून कळवलं. तो दुखावला. "मी काय परका आहे का, वहिनी?" म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

राहायची सोय हॉस्पिटलमधूनच झाली. सोनूबाई नावाच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या पेशंट मुलुंड पश्चिमेला एकट्या राहायच्या. मुलगा मस्कतला. दिवसा कामाला बाई होती, रात्री सोबतीला कुणीतरी हवं होतं. मागची खोली, जेवण आणि वर पाच हजार. सोनूबाईंना ऐकू फारच कमी यायचं. दर्शनाने ओरडून नाव सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं आलीस, रंजना." पुढे दर्शनाने ते कधी दुरुस्त केलं नाही.

घराला भाडेकरूही मिळाले. सपना आणि तिचा नवरा, दोघं कांजूरला एकाच कंपनीत. सत्तावीस हजार भाडं, अकरा महिन्यांचा करार. घर दोघांच्या नावावर, म्हणून कराराला जयवंतचा अंगठाही लागणार होता. एजंट मशीन घेऊन घरीच येणार होता.

जयवंत आदल्या रात्रीच्या बसने निघून सकाळी पोचला. दर्शनाने दार उघडलं तेव्हा तिला तो आधी ओळखू आला नाही. दाढी वाढलेली, काळवंडलेला, अंगाने निम्मा झालेला. हातात उकड्या तांदळांची पिशवी. घरात फक्त सोफा आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. बाकीचं सामान विकलेलं, थोडं सोनूबाईंकडे नेलेलं.

"भांडी?" त्याने विचारलं.

"भंगारवाल्याला दिली."

तो तांदूळ कुठे ठेवावेत ते न कळून पिशवी धरून उभाच राहिला. शेवटी त्याने ती ओट्यावर ठेवली.

एजंट आला, सपना आणि तिचा नवरा आले. एकेकाने मशीनवर अंगठा ठेवला. जयवंतचा अंगठा लागेना. गावाकडे तो काजूच्या कारखान्यात लागला होता, तिथल्या चिकाने बोटांची कातडी गेली होती, रेघाच उमटत नव्हत्या. एजंट म्हणाला, "काका, पुसून लावा, जोरात दाबा." चार-पाच वेळा झालं. दर्शनाने ओढणीने त्याचा अंगठा पुसला आणि धरून मशीनवर दाबला. तीन महिन्यांत ती त्याला पहिल्यांदाच हात लावत होती. मशीनवर हिरवा दिवा लागला.

सगळे गेले. चाव्या संध्याकाळी द्यायच्या होत्या.

"ते काजूवाले पगार किती देतात?" दर्शनाने विचारलं.

"बारा हजार. त्यातले आठ तुला पाठवीन."

"पाठवा."

"दर्शना." तो सोफ्याच्या कडेला बसला होता. बोलताना मान वर करत नव्हता. "माका सांगूक जमूक नाय गो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग तू डबा हातात द्यायचीस."

"मग कुठे जायचात दिवसभर?"

"ठाण्याच्या तलावावर. कधी हायवेच्या पुलाखाली बसायचो. डबा मात्र रोज खायचो."

डब्यात तिने भेंडी दिली असेल, कधी उसळ, शनिवारी खिचडी. पुलाखाली बसून त्याने ते सगळं खाल्लं होतं.

"मी आता परत येऊ?" त्याने विचारलं. "काहीही करेन. वॉचमनची नोकरी करेन."

दर्शनाला एकदम हसू आलं. ऑक्टोबरपासून ती हे एवढंच ऐकायला थांबली होती.

"कुठे याल?" ती म्हणाली. "सहा वाजता किल्ली द्यायची आहे. म्हाताऱ्या बाईंकडे एक खाट आहे मला. तुम्हाला कुठे ठेवू?"

तो फरशीकडे बघत म्हणाला, "खराच."

दुपारी त्यांनी स्टेशनजवळच्या उडुप्याच्या हॉटेलात राइस प्लेट खाल्ली. जयवंतने तिच्या ताटात आपला पापड ठेवला. संध्याकाळी ती त्याला बसपर्यंत सोडायला गेली नाही, कारण सपनाला किल्ल्या द्यायच्या होत्या. तांदळाची पिशवी ती सोनूबाईंकडे घेऊन गेली.

दिवस एकसारखे जाऊ लागले. पहाटे उठायचं, सोनूबाईंच्या गोळ्या काढून ठेवायच्या, चालत हॉस्पिटल. दुपारनंतर परत. सोनूबाई टीव्ही मोठ्याने लावायच्या, तरी त्यांना तो ऐकू यायचा नाही. पाच तारखेला भाडं जमा व्हायचं, जयवंतचे आठ हजार यायचे, कधी पाचच. महिनाअखेर तिच्या खात्यात चारशे-पाचशे रुपये उरायचे. हॉस्पिटलमधल्या बायका सिनेमाला निघाल्या की ती सोनूबाईंचं कारण सांगायची. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं.

अकरा महिन्यांनी करार नव्याने करायची वेळ आली. जयवंतने गावाहूनच तालुक्याच्या ठिकाणी जाऊन अंगठा दिला. दर्शना आपल्या घरी गेली तेव्हा सपनाने दार उघडून "या ना ताई, बसा ना," म्हटलं. भिंत आता फिकट निळी होती, विचारूनच रंगवलेली. सपनाला सातवा महिना होता. तिची आई बाळंतपणासाठी आली होती, तिने चहा दिला. दर्शना उठून आत जाऊ लागली तशी सपनाची आई घाईने म्हणाली, "बाथरूम ना? उजवीकडे, दिवा बाहेर आहे हां." दर्शनाने थँक्यू म्हटलं आणि बाहेरचं बटण दाबलं.

निघताना सपनाचा नवरा म्हणाला, "ताई, विकायचा विचार केलात कधी तर आधी आम्हाला सांगा. भाव चांगला देऊ."

"सांगीन," दर्शना म्हणाली. "पण विकणार नाही."

फेब्रुवारीत दुसरं कार्डही संपलं. बँकेचं पत्र पोस्टाने आलं, काहीही बाकी नाही म्हणून. ते हातात घेऊन ती जयवंतला फोन लावत राहिली, पण रेंज नव्हती. ताम्हाणे सरांच्या हॉलला त्या दिवशी सुट्टी. शेवटी ती पुढच्या खोलीत आली आणि तिने सोनूबाईंसमोर पत्र धरलं.

"कार्ड संपलं!" ती ओरडून म्हणाली. "फिटलं!"

सोनूबाईंनी पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "मुलाचं का गं, रंजना? बरा आहे ना?"

"बरा आहे," दर्शना म्हणाली.

तासाभराने जयवंतचा फोन आला. तिने सांगितलं. त्याने विचारलं, "आता किती राहिलं?"

"दोन्ही लोन, पतपेढी आणि टेम्पोची बाकी. तीन वर्षं धरा. मग घरात जाता येईल."

"मी तोपर्यंत..." तो थांबला. "तू जेवलीस?"

"नाही अजून. तुमच्याच तांदळाची पेज टाकलीय. मागच्या महिन्यात पाठवलेले."

"मीठ जास्त घालू नको," तो म्हणाला. "त्या तांदळाला लागत नाही."

"बरं," ती म्हणाली. मग दोघंही फोन न ठेवता तसेच थांबले, पेज उतू जायला लागेपर्यंत.