धनवंताच्या तांब्यात बुडालेली कुपी

मे महिन्याच्या भर दुपारी अख्खं गाव मांडवाखाली दाटीवाटीनं बसलं होतं. सुखरामच्या म्हशीचं दूध आटलं होतं आणि करणी कोणी केली, ते आज चक्क पाणी सांगणार होतं! देवरीकडून आलेल्या बाबानं बोटाएवढी, तळाशी वाळू असलेली बंद काचेची कुपी नाचवली. "ये कुपी नहीं, माता की आँख है! पापी के पानी में डूबेगी!"

घरटी एक तांब्या, पाणी सगळ्यांचं एकाच बोअरचं. तेवीस तांब्यांत कुपी तरंगली. उरली धनवंता. एकटी विधवा, म्हणून सुखरामचा संशय आधीपासून तिच्यावरच. संशयिताची सावली मांडवात नको, असा बाबाचा नेम; त्यामुळे ती तासभर तांब्या घेऊन उन्हात उभी. तिच्या पाण्यात कुपी टाकली, तर ती सरळ तळाला!

"टोनहीच हाय! हिनंच करणी केली!" सुखराम ओरडला. "आजच गाव सोड!"

दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या प्रेमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं उठून धनवंताचा तांब्या हातात घेतला. चांगलाच तापला होता. प्रेमिला गालातल्या गालात हसली.

"बाबाजी, तुमचा तांब्या राहिलाच की! नेम सर्वायले सारखा. तासभर उनात उभे राहा."

"हम तो सिद्ध पुरुष..."

"मंग भेता कायले?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि गाव खो खो हसलं.

बाबा अनवाणी. तासभर तांब्या घेऊन तापल्या मातीवर एकेक पाय उचलत नाचला. धनवंता इकडे सावलीत बसली, तिच्या तांब्याभोवती प्रेमिलानं ओलं पोतं गुंडाळलं. मग कुपी टाकली. धनवंताच्या पाण्यात तरंगली, बाबाच्या पाण्यात बुडाली!

"अरे बापा! टोन्हा तर बाबाच निघाला!"

"कोणीच नाही," प्रेमिला म्हणाली. "सुखरामभाऊ, दुधात काचेची नळी सोडली का रोज काऊन भांडता माह्यासंग?"

"दूध गरम असलं का नळी जास्त खाली जाते, अन् तू पाणी टाकलं म्हणतेस..." बोलता बोलता सुखरामनं कुपीकडे पाहिलं.

"पाण्याचंही तसंच. तापलं का फुगते, तेवढ्याच तांब्यात वजनानं हलकं होते. थंड पाण्यात जेमतेम तरंगल, एवढीच वाळू बाबानं कुपीत तोलून भरली. गरम पाणी तिले पेलत नाही."

पोलीस पाटलानं बाबाला धरून बसवलं आणि ठाण्यात फोन लावला. सुखराम खाली मान घालून धनवंतासमोर आला. "चुकलो, बाई."

धनवंताला रडू फुटलं. "गावातून हाकलून देत होते तुम्ही मले!"

प्रेमिला मांडवाकडे वळली. "केंद्रावर अर्ध्या लिटरसाठी नळी दहादा तपासायला लावता. अन् इथं बाईचं घर जाऊन राहिलं होतं, तरी एकानं तिच्या तांब्याले हात लावून पाहिला नाही. म्हशीले डॉक्टर दाखवा. अन् कोणाचंही काही मानायच्या आधी तपासून पाहा."