चुन्याचा पट्टा

कोकिळाने सर्किटच्या दुसऱ्या फांदीची तार ओढून काढली. मीटरची सुई एकवीसवरून साडेदहावर घसरली.

“पाहा सर. या फांदीतून करंट जाऊन राह्यला.”

प्रॅक्टिकलचे परीक्षक प्रभाकरराव नागपूरहून आले होते. त्यांनी जोडणीकडे पाहिलंही नाही.

“उलट्या डायोडमधून करंट जात नाही, पोरी. दिशा दाखवणारा पट्टा दिसत नाही का त्यावरचा? उत्तर साडेदहा मिलिअँपिअर. तुझ्याआधी अकरा मुलांनी तेच लिहिलं.”

“सुई पाहून लिहिलं का त्यांनी?”

प्रयोगशाळेतला शिपाई लहानू कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. डायोडवरचे पट्टे हाताळून पुसले जात. दर परीक्षेच्या सकाळी तो काडीने तंबाखूचा चुना लावून ते नव्याने काढी.

प्रभाकररावांनी तार परत जोडली. सुई एकवीसवर गेली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने डायोड फिरवून बसवला. साडेदहा. पट्टाच भलत्या टोकाला होता.

त्यांनी अकरा वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. लाल शाईने मार्क देऊन झाले होते.

“तू साडेदहा लिही,” ते हळूच म्हणाले. “तीसपैकी पंचवीस देतो.”

पंचवीस म्हणजे फर्स्ट क्लास. फर्स्ट क्लास म्हणजे नागपूर, एम.एस्सी. नाहीतर जाम गावचं स्थळ आणि लग्न. आंजी गावाहून निघताना वडिलांनी, अण्णाजींनी, वांग्याची पाटी उचलत तिला तसं स्पष्ट सांगितलं होतं.

“आन मी पाहिलं ते?”

“ते राहू दे.”

तिची कानशिलं तापली. तिने इतकं दाबून लिहिलं की निब कागदात रुतली : एकवीस. डायोडवरची खूण चुकीची.

“उद्धट आहेस,” म्हणत प्रभाकररावांनी तेरा मार्क दिले आणि ते जेवायला गेले.

ती पेन पिशवीत कोंबत होती, तेव्हा लहानू चुन्याची डबी घेऊन आला. तीन वर्षं तो तिला “ए पोरी” म्हणत आला होता.

“बाई, दुपारची बॅच येते आता. पट्टा कोन्या बाजूले काढू?”

त्याच्यावर ओरडायला तिने तोंड उघडलं. त्याने चुन्यात काडी बुडवून तिच्यापुढे धरली.

तिने काडी हिसकावून घेतली आणि डायोडवर टेकवली. काडी मोडली.

“दुसरी आना, लहानूभाऊ,” ती म्हणाली. “आन बाकीचे डायोडही.”